घोड्याची फेरी, पाळणाघराचा निधी



या पानावर आम्ही एरवी पाचट जाळू नका, बेणेप्रक्रिया करा, माती परीक्षण करून घ्या असे तेच ते सांगत असतो आणि आपणही ते नेमाने वाचून बाजूला ठेवीत असता. या वेळी उसाचा विषय जरा बांधावर ठेवतो. २६ जानेवारी २०२५ रोजी, रविवारी, आपल्या कार्यक्षेत्रातील एका गावात घोड्यावरच्या फेऱ्यांचा कार्यक्रम झाला. तिकीट लावून पैसे जमवले आणि ते पैसे ऊसतोडणी कामगारांच्या लहान मुलांच्या पाळणाघरासाठी खर्च केले. आम्ही त्या दिवशी कारखान्याचे अधिकारी म्हणून गेलो नव्हतो, हाताखालचा गडी म्हणून गेलो होतो. गावाचे नाव छापू नका असे गावकऱ्यांनीच सांगितले आहे. नाव छापले की कुणाचे आधी आणि कुणाचे नंतर यावरून पुढच्या ग्रामसभेत भांडण लागते, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला ते पटले.

मूळ कल्पना महिला बचत गटाची. गावाच्या ओढ्याकडेला, पडीक रानात, बीड आणि जालन्याकडच्या दोन टोळ्यांच्या कोप्या पडल्या होत्या. तोडणीची माणसे पहाटे चारला फडावर जातात हे आपणांस ठाऊक आहेच. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघेही उसात शिरली की घरी राहते ते तान्हे मूल आणि त्याला सांभाळायला नऊ-दहा वर्षांची थोरली बहीण. शाळा अर्ध्या किलोमीटरवर. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक आहे, २०२१ पासून ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाची वसतिगृह योजनाही आहे. गुरुजी स्वतः कोप्यांवर जाऊन नावे लिहून आणतात. पण कडेवर भाऊ असलेली मुलगी वर्गात बसणार कशी? बचत गटातल्या एका काकूंनी बैठकीत सरळ सांगितले, "पोरीला शाळेत आणायचं असंल तर आधी तिच्या कडेवरचं पोर कुणीतरी घ्या." तेव्हा कोप्यांजवळ ताडपत्रीचा निवारा, चार-सहा झोळ्या, दूध, आणि मुले सांभाळायला दोन बाया रोजाने, एवढे हंगाम संपेपर्यंत चालवायचे ठरले. पैसा कुठून आणायचा, एवढाच प्रश्न होता.

तमाशा नको, ऑर्केस्ट्रा नको, बैलगाडा शर्यतीला परवानगीचे सोपस्कार फार. तरुण मंडळातला एक पोरगा म्हणाला, "घोडे आहेत की!" आणि खरेच होते. फलटण-माणकडच्या धनगरांचे दोन वाडे मोकळ्या झालेल्या रानात मेंढरे बसवायला आले होते. त्यांच्याबरोबर बिऱ्हाड वाहणारी तीन तट्टे होती. गावातल्या एका सभासदाला घोड्यांचा नाद आहे. दर वर्षी मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या सुमाराला तो तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जातो, आणि घेतले नाही तरी पाहून येतो. त्याच्याकडे दोन घोड्या होत्या. असे पाच जनावर झाले.

या तट्टांविषयी थोडे सांगितले पाहिजे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातल्या या जातीला भीमथडी म्हणतात. थडी म्हणजे काठ, भीमेचा काठ. मराठ्यांच्या घोडदळाचा एके काळी मोठा आधार हीच तट्टे होती, असे इतिहासाची पुस्तके सांगतात. अंगाने लहान, पण काटक, खडकाळ वाटेला न बिचकणारी आणि थोडक्या चाऱ्यावर दिवस काढणारी. फौजा गेल्या, रस्ते झाले, ट्रक आले आणि तट्टू उरले ते मेंढपाळाच्या बिऱ्हाडापुरते. त्याच्या पाठीवर तंबू, भांडी, कोंबड्या, कोकरे आणि कधी कधी घरातले पोरही बसते. त्यामुळे पाठीवर वळवळणाऱ्या पोराची त्याला सवय असते. सारंगखेड्याहून आलेली तेजतर्रार घोडी दिसायला देखणी, पण आमच्या कामाला ही मातकट रंगाची तट्टेच जास्त उपयोगी पडली, हे आधीच सांगून ठेवतो.

आमची पदविका शेतीची. अभ्यासक्रमात बैल होता, गाय होती, म्हैस होती, घोडा नव्हता. म्हणून पशुवैद्यकीय डॉक्टरांना आठवडाभर आधी गाठले. डॉक्टर मोठे शिस्तीचे निघाले. आधी घोड्यांचा ग्लँडर्सचा रक्ततपासणी अहवाल आहे का, हे विचारले. हा रोग घोड्याकडून माणसाला होऊ शकतो आणि तो आढळल्यास कळवणे कायद्याने बंधनकारक आहे. बाजारात फिरलेल्या दोन्ही घोड्यांचे दाखले होते. तट्टांचे नमुने डॉक्टरांनी अगोदरच्या शिबिरात घेतले होते, तेही स्वच्छ आले होते. मग वजनाचा हिशेब. घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक ओझे त्याच्यावर घालू नये, त्यातच खोगीर आले. अडीचशे किलोच्या तट्टावर सारे मिळून पन्नास किलो. म्हणजे मोठ्या माणसाने तट्टावर बसायचे नाही, बसायचे ते शाळकरी पोराने. दहा फेऱ्या झाल्या की विश्रांती आणि पाणी. एका जनावराच्या दिवसभरात पंचेचाळीस फेऱ्यांहून जास्त नाहीत, म्हणजे पाचांच्या मिळून सव्वादोनशे. हा आकडा डॉक्टरांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि खाली रेघ मारली. ती रेघ पुढे आम्हांला भारी पडली.

श्रमदान दोन दिवस चालले. शाळेमागच्या मैदानातले दगड-गोटे वेचले, खड्डे बुजवले, ट्रॅक्टरने फळी मारली, पाणी मारून धूळ बसवली. दीडशे मीटरचे अंडाकृती कडे आखून दोर बांधला. गटातले चिटबॉय, शाळेचे गुरुजी, मंडळाची पोरे, दोन निवृत्त जवान, बचत गटाच्या बाया असे चाळीसेक हात होते. सोसायटीच्या निवडणुकीत एकमेकांचे तोंड न पाहणारे दोन भावकीतले गृहस्थ एकाच पहारीने खुंट ठोकताना दिसले. बोलत नव्हते, पण एक पहार उचलायचा आणि दुसरा खुंट धरायचा. पहार चुकली असती तर काय झाले असते हा विचार आमच्या मनात येऊन गेला, असो.

सकाळी झेंडावंदन झाले. साडेनऊला फेऱ्या सुरू. तिकीट तीस रुपये, एका घोड्याबरोबर लगाम धरायला एक आणि पोराला धरायला दोन्ही बाजूंनी एकेक माणूस. आमच्याकडे दोन कामे दिली होती. एक, रांग लावणे. दोन, "विनातिकीट कोणीही दोराच्या आत येणार नाही" हे पाहणे. हा नियम आमचाच होता. वजनकाट्यावर आयुष्य गेलेल्या माणसाला हिशेब चोख लागतो.

सुरुवातीचा अर्धा तास पोरांना शिकवण्यात गेला. घोड्याच्या मागून जायचे नाही. चढायचे डाव्या बाजूने. गूळ द्यायचा तर बोटे पसरून तळहातावर द्यायचा, चिमटीत धरला तर बोटही जाते. ओरडायचे नाही. हे शेवटचे कोणीच पाळले नाही. पहिल्या फेरीला गावातला एक लहान मुलगा बसला आणि खाली उतरताना त्याने विचारले, "हा माउलींचा घोडा आहे का?" आपल्या भागात हा प्रश्न यायचाच. आषाढात पालखी पुरंदावडे आणि खुडूसला आली की रिंगणात दोन घोडे धावतात, एकावर स्वार असतो आणि दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण त्यावर साक्षात माउली बसतात अशी वारकऱ्यांची श्रद्धा. ते अश्व अंकलीच्या शितोळे सरकारांचे, हेही आपल्याकडच्या शेंबड्या पोराला माहीत असते. मेंढपाळ मामांनी हसून सांगितले, "न्हाय बाळा, ह्यो कोंबड्यांचा घोडा हाय." तरी एक म्हातारे सभासद हळूच वाकले, तट्टाच्या टापेखालची माती बोटाला लावून कपाळाला टेकवली आणि कोणी पाहिले तर नाही ना, असे इकडे-तिकडे पाहत निघून गेले. आम्ही पाहिले होते.

मैदानाच्या कडेला बचत गटाने हुरड्याची आगटी पेटवली होती. पिठले-भाकरी, ठेचा, उसाचा रस. सर्वात जास्त पैसा घोड्यांवर नाही, हुरड्यावर आणि पिठल्यावर झाला, हे इतर गावांनी लक्षात ठेवावे. एका गुऱ्हाळवाल्या सभासदाने दिलेल्या गुळाच्या ढेपेचा लिलाव झाला. ढेप ५,१०० रुपयांना गेली. ज्याने घेतली त्याने तिथेच फोडून सगळ्यांना वाटली, घोड्यांनाही एकेक खडा दिला. आणि हो, रांगेत उभ्या असलेल्या किमान पंधरा जणांनी आम्हांला विचारले, "साहेब, आमची तोड कधी?" एकाने तर नातू घोड्यावर बसवता बसवता को ८६०३२ काढून फुले २६५ लावू का, हे विचारून घेतले. क्षारपड रान असेल तर लावा, असे उत्तर आम्ही लगाम धरल्या धरल्या दिले.

बारा ते तीन जनावरांना सावलीत बांधले. एक जनावर दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी सहज पिते, म्हणून टँकर मागवावा लागला. याच वेळी कोप्यांवरची पाच-सहा पोरे डोक्यावर वाड्याचे भारे घेऊन आली. तोडलेल्या उसाचे वाडे हे तोडणी कामगाराच्या वाटणीचे, ते विकून त्याचे मीठ-मिरचीचे भागते. ते भारे पोरांनी घोड्यांसाठी आणले होते, विकायला नव्हे. डॉक्टर धावत आले. वाड्यात ऑक्झॅलेट असते, ते शरीरातील कॅल्शियम बांधून ठेवते. गाई-म्हशींना आपण चुन्याची निवळी आणि क्षार मिश्रण देऊन ते निभावून नेतो, पण घोड्याची हाडे अशा चाऱ्याने पुढे ठिसूळ होतात. शिवाय घोड्याला उलटी होत नाही. भलते पोटात गेले, पोट फुगले की पोटशूळ, आणि त्यात जनावर दगावते. डॉक्टरांनी प्रत्येक तट्टाला ओंजळभर वाडे घातले, पोरांच्या समाधानापुरते, आणि बाकीचे म्हशींकडे पाठवले. पोरे काही बोलली नाहीत. परत जाऊन दोराजवळ उभी राहिली.

दोराजवळ, म्हणजे बाहेर. खरे सांगायचे तर ती सकाळपासूनच तिथे उभी होती. आम्ही त्यांना दोनदा, "मागं सरका, घोडा लाथ मारील," असे सांगितलेही होते. ती मागे सरकली होती आणि आमची पाठ वळताच पुन्हा पुढे आली होती. यापलीकडे आमच्या डोक्यात काही आले नाही. गर्दी सांभाळणाऱ्याला गर्दीच दिसते.

चारच्या सुमाराला रांगेत गलका झाला. जाऊन पाहतो तो मेंढपाळ मामांच्या मंडळींनी कोप्यांवरच्या एका सात-आठ वर्षांच्या पोराला बखोटीला धरून थेट तट्टावर बसवले होते. तिकिटावरचा पोरगा ओरडत होता, "ओ मामी, तिकीट कुठाय त्याचं?" मामींनी उत्तर दिले नाही. आम्ही पुढे झालो आणि नियम सांगितला. म्हटले, "मामी, एकाला फुकट बसवलं तर बाकीचे काय म्हणतील?"

मामींनी आमच्याकडे नीट पाहिले. "सायेब, पैसा कुणासाठी गोळा करताय?"

"ह्या टोळीच्या पोरांसाठीच."

"मग ह्या पोरास्नी दोराभाईर का उभं केलंया?"

आसपास शंभर माणूस. कोणी बोलेना. तिकिटावरचा पोरगा वहीत बघू लागला. आम्हांला काही उत्तर सुचले नाही, आणि आजही सुचत नाही. आम्ही सगळ्यांनी दोन आठवडे त्या पोरांच्या नावाने बैठका घेतल्या होत्या, पावतीपुस्तके छापली होती, बॅनर लावला होता. त्यांनाही घोड्यावर बसावेसे वाटेल, ही एक गोष्ट चाळीस स्वयंसेवकांपैकी एकाच्याही ध्यानात आली नव्हती. आली ती मेंढरामागे रानोमाळ फिरणाऱ्या बाईच्या, जिची स्वतःची पोरे दुसऱ्यांच्या बांधावरच मोठी झाली.

बरे, आता बसवू म्हटले तर सोपे नव्हते. डॉक्टरांनी वही काढली. १७१ फेऱ्या झाल्या होत्या. रेघेपर्यंत उरल्या ५४. आणि विकलेली पण न वापरलेली तिकिटे लोकांच्या हातात होती ५३. कोप्यांवरची पोरे मोजली तर घोड्यावर बसण्याजोगी अडतीस भरली. आम्ही म्हणालो, "डॉक्टर, आजचा दिवस तीस-चाळीस फेऱ्या वाढवा." डॉक्टर म्हणाले, "साहेब, तुमची चूक जनावरानं का फेडायची?" एका तासात दुसऱ्यांदा आमची बोलती बंद झाली.

शेवटी आम्ही भोंगा घेतला. भाषण आम्हांला येत नाही. एवढेच सांगितले की आमच्याकडून चूक झाली आहे, उरलेल्या फेऱ्या कोप्यांवरच्या पोरांना द्यायच्या आहेत, ज्यांच्याकडे तिकिटे आहेत त्यांनी परत द्यावीत, पैसे लगेच मिळतील. क्षणभर कुजबुज झाली. मग नातवंडांसाठी एकदम दहा तिकिटे घेतलेले एक सभासद पुढे आले. दोन तिकिटे त्यांनी ठेवून घेतली, कारण धाकटी दोन नातवंडे अजून बसली नव्हती आणि रडायच्या बेतात होती, आणि आठ टेबलावर ठेवली. पैसे पेटीत टाका म्हणाले. मग हळूहळू इतरांनी दिली. एकूण सात तिकिटे लोकांनी वापरली. अकरा तिकिटांचे ३३० रुपये परत मागितले गेले, ते आम्ही दिले. त्यात मागणाऱ्याचे काही चुकले असे आम्ही म्हणणार नाही. एक गृहस्थ मात्र रागावले. "आम्ही पैसे मोजून रांगेत उभं राहायचं आणि फुकटवाले पुढं?" असे म्हणून नातवाला घेऊन गेले. नातू मागे वळून घोड्याकडे पाहत होता. त्या पोराचाही दोष नव्हता, हे आम्हांला अजून टोचते.

मग कोप्यांवरची पोरे आत आली. त्यांना शिकवायला काही लागले नाही, सकाळपासून बघून बघून सगळे पाठ झाले होते. डाव्या बाजूने चढली, आरडाओरडा केला नाही. इतकी गप्प बसली की दोराबाहेरची माणसेही गप्प झाली. एका पोराने फेरी संपल्यावर तट्टाच्या मानेला दोन्ही हातांनी मिठी मारली, ते त्याला सोडवता सोडवता मामांची पुरेवाट झाली.

रांगेच्या शेवटी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी होती. कडेवर वर्षाचे पोर. तिचा नंबर आला तशी ती बाजूला सरकली आणि मागच्याला पुढे केले. दुसऱ्यांदा तसेच. आम्ही विचारले, "का गं, बसायचं नाही?"

"नाय बसायचं. ह्याला कोण धरीन?"

आम्ही म्हणालो, आण इकडे. तिने आम्हांला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. आमच्या गळ्यात ओळखपत्र, हातात शिट्टी, अंगात प्रजासत्ताकदिनाचा पांढराशुभ्र शर्ट. मग तिने पोर दिले, पण देताना त्याचे डोके कसे धरायचे ते दाखवले आणि म्हणाली, "रडलं तर पाठीवर थापटा, हालवू नका." ती तट्टावर बसली. तट्टू चालू लागले. पहिले अर्धे कडे ती मान वळवून आमच्याकडेच पाहत होती. पलीकडच्या वळणावर मामांनी तिला काहीतरी म्हटले, तेव्हा तिने समोर पाहिले आणि पुढचे अर्धे कडे ती नुसती समोर पाहत आली. पाठ ताठ, दोन्ही हात मोकळे. पोर रडले. आम्ही थापटले. मग त्याने आमचा पांढरा शर्ट ओला केला आणि शांत झाले. तिची फेरी संपली तेव्हा मामींनी मामांना डोळ्यांनी खुणावले आणि तट्टू न थांबता दुसऱ्या फेरीला गेले. डॉक्टरांनी वहीत निमूटपणे आणखी एक रेघ ओढली. ही धरून फुकटच्या फेऱ्या अडतीस झाल्या, कारण एक पोरगे आयत्या वेळी घाबरून पळाले होते.

मग डॉक्टर म्हणाले, आता बस. २१६ फेऱ्या झाल्या होत्या, नऊ शिल्लक होत्या, पण थोरली घोडी थकली होती. खोगिरे उतरली. त्याच सुमाराला फडावरून बैलगाड्या येत होत्या. पोरे धावत आईबापांना सांगायला गेली.

हिशेब असा. वापरलेल्या १७८ तिकिटांचे ५,३४० रुपये. हुरडा, पिठले-भाकरी आणि रस मिळून ११,३५०. ढेपेच्या लिलावाचे ५,१००. पेटीत ४,७८५, यातच पैसे परत न घेतलेल्या ३२ तिकिटांचे ९६० रुपये आले. एकूण जमा २६,५७५. खर्चात चारा व हरभरा १,२४०, टँकर ८००, दोर, रंग आणि छपाई ६४०, तिन्ही तट्टांच्या मालकांना मिळून २,०००. या शेवटच्या रकमेवर बैठकीत वाद झाला. सगळ्यांनी सेवा फुकट दिली, मग यांनाच पैसे का? आमचे मत असे पडले की आपण सुटीच्या दिवशी आलो होतो, त्यांचा तो पोटाचा दिवस होता. मामा घ्यायला तयार नव्हते. मामींनी घेतले. सारंगखेड्याच्या नादवाल्या सभासदाने काही मागितले नाही. एकूण खर्च ४,६८० वजा जाता २१,८९५ रुपये पाळणाघराला मिळाले.

पाळणाघर सोमवारी, ३ फेब्रुवारीला सुरू झाले. एक बाई गावातली, एक टोळीतलीच, दिवस गेलेली म्हणून फडावर न जाणारी. प्रत्येकी दीडशे रुपये रोज. रविवारीही चालू, कारण तोडणीला रविवार नसतो. पहाटे चारला मूल घ्यायला माणूस लागेल हे आधी कोणाच्या लक्षात आले नव्हते, ते टोळीतल्या बाईने सांगितले आणि तशी वेळ ठरली. सर्वच मुले आली असे नाही. काही आया शेवटपर्यंत तान्हे पोर फडावरच नेत राहिल्या, उसाच्या सरीत झोळी बांधून. परक्या हाती पोर द्यायला वेळ लागतो. पण कडेवरचे पोर झोळीत गेल्यामुळे सहा थोरल्या मुली शाळेत येऊ लागल्या. घोड्यावर बसलेली ती मुलगी त्यांपैकी एक. गुरुजी सांगत होते की ती पहिल्या आठवड्यात मधल्या सुटीत रोज धावत कोप्यांवर जाऊन भावाला बघून यायची. नंतर एक दिवसाआड जाऊ लागली.

हंगाम २०२४-२५ मुळात उशिरा, नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू झाला होता आणि ऊसही कमी होता, हे आपण अनुभवले आहेच. ९ मार्चला दोन्ही टोळ्या गावाकडे परतल्या. म्हणजे पाळणाघर चौतीस दिवस चालले. रोजाचे १०,२००, ताडपत्री, झोळ्या, दूध वगैरे ५,६४०. शिल्लक ६,०५५ रुपये बचत गटाच्या खात्यावर आहेत. ताडपत्री आणि झोळ्या धुऊन सोसायटीच्या गोदामात ठेवल्या आहेत. मुलींना शाळा सोडताना गुरुजींनी शिक्षण हमी पत्रके दिली, ती तिकडच्या शाळेत दाखवायची आहेत. दाखवली की नाही, हे मुकादमाला विचारून घेणार आहोत.

पुढच्या हंगामासाठी बैठक घ्यायची आहे. टोळी येते तेव्हाच, गाळपाच्या पहिल्या आठवड्यात, पाळणाघर सुरू झाले पाहिजे, म्हणजे पैसा आधी हवा. घोड्यांचा कार्यक्रम पुन्हा करायचा तर सकाळची पहिली फेरी कोप्यांवरच्या पोरांची, हे बचत गटाने वहीत लिहून ठेवले आहे. ज्या गटांत कोप्या पडतात तेथील सभासदांनी शेतकी खात्यात नाव कळवावे. घोडे नसले तरी चालेल, हुरडा सगळ्यांकडे असतो.

हिशेबाची वही आणि पावत्या गट कार्यालयात आहेत, कामाच्या वेळेत कोणीही येऊन पाहावी. रागावून गेलेल्या त्या गृहस्थांची तीन तिकिटे अजून त्यांच्याकडेच असावीत, ती वापरलेल्यांत नाहीत, परत आलेल्यांतही नाहीत आणि जमेतही धरलेली नाहीत. त्यांचे नव्वद रुपये पाकिटात घालून वेगळे ठेवले आहेत. नातवाला घेऊन यावे. नादवाल्या सभासदाची थोरली घोडी आता चांगली आहे, आणि आम्ही त्याच्याशी बोलून ठेवले आहे.